ढेप्याचं विमान

आमच्या गल्लीत एखादी गोष्ट एकदा घडून थांबत नाही. संध्याकाळी गजूकाकांच्या ओट्यावर ती पुन्हा घडते, सकाळी पिठाच्या गिरणीत पुन्हा, आणि आठवडी बाजारात गेली की येताना दोन शिंगं लावून येते! ढेप्या विमानात बसला, त्याचे तर आता इतके किस्से झालेत की काही विचारू नका. परवा माझ्याच वर्गातल्या मुलीनं मला सांगितलं, "तो पायलटच्या बाजूले बसला होता म्हने!" मला पटकन बोलता येत नाही. पण त्या विमानात मी होते, म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहिते.

*

ढेप्या म्हणजे आमचा कुत्रा. आमच्या उंद्री गावात त्याच्याएवढा दुसरा नाही. मागच्या पायांवर उभा राहिला की पुढचे दोन्ही सरळ बाबांच्या खांद्यावर ठेवतो. लहान होता तेव्हा गोठ्यातल्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर झोपायचा, म्हणून ढेप्या. खरा तो माझ्या मोठ्या बहिणीचा, वैष्णवीताईचा. तिनंच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं.

ताई नोकरीला बंगलोरला गेली आणि ढेप्यानं खाणं सोडलं. आधी भाकरी सोडली, मग दूध, मग अंडंसुद्धा. रस्त्याकडे तोंड करून फाटकाजवळ पडून राहायचा. हळूहळू त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. आई त्याच्यापुढे ताटली ठेवायची, वाट पाहायची, आणि स्वतःही न जेवता उठायची.

बाबांनी चिखलीहून जनावरांचे डॉक्टर आणले. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं, इंजेक्शन दिलं. पुन्हा आले, पुन्हा दिलं. त्यानंतर आले तेव्हा त्यांनी बॅगच उघडली नाही.

"भाऊ, याचं औषध माह्यापाशी नाही. ते बंगलोरले हाय."

"म्हंजे?"

"पोरीपाशी न्या याले. असाच उपाशी राह्यला तर पोळा नाही पाहत हा."

बाबा मलकापूर स्टेशनवर जाऊन चौकशी करून आले. गाड्या बदलायच्या, सामानाच्या डब्यात ठेवायचं, आणि वर हे ऊन. डॉक्टरांनी मान हलवली. "एवढा दम नाही याच्यात. विमानानं न्या."

आई मटकन खाली बसली. बाबांनी वर आभाळाकडे पाहिलं.

"डॉक्टरसाहेब, म्या सोता अजून विमान खालूनच पाह्यलं हाय!"

*

ताईनं फोनवर सगळी माहिती काढली. एवढा मोठा कुत्रा माणसांमध्ये बसत नाही. त्याला पेटीत घालून विमानाच्या पोटात, सामानाच्या जागेत ठेवतात. तिथं हवा असते. पण आधी वजन कळवायचं.

आमच्याकडे टोमॅटो तोलायचा काटा आहे. त्यावर ढेप्याचं डोकंच मावलं. मग बाबा आणि गजूकाका त्याला गजूकाकांच्या पिकअपमध्ये घालून सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेले. मीही गेले. तिथं मोठा काटा आहे. ढेप्या त्यावर गुपचूप आडवा झाला. शेठनी चष्म्यातून आकडा पाहिला आणि सवयीनं म्हणाले,

"दोन किलो बारदाना कट. एक किलो ओलावा कट."

बाबा भडकले. "शेठ, कुत्रा हाय हा! याच्यात कायचा ओलावा?"

शेठनी मान वर केली नाही.

"सकाळी पाणी पाजलं असंन ना भाऊ?"

*

पेटीचे नियम कडक होते. आत कुत्र्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, चारही बाजूंनी हवेला भोकं पाहिजेत. काम सुधाकर मिस्त्रींना दिलं. गावातले निम्मे देव्हारे त्यांच्या हातचे. पेटी आली तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. समोर कमान, कमानीवर दोन मोर, आणि मध्ये घंटा टांगायला आकडा!

"मिस्त्री, हे काय करून ठेवलं?"

"भाऊ, विमानात जाईन ते. लोकं पाह्यतीन. मंग साधं कसं देऊ?"

पेटीचं छत सपाट लागतं असं ताईनं सांगितलं. मिस्त्रींनी मोर कापले, पण करवत चालवताना तोंड दुसरीकडे केलं होतं. कमान मात्र राहिली.

ढेप्याला सवय व्हावी म्हणून पेटी अंगणात ठेवली. तो आत जाऊन पडून राहायला लागला. एका सकाळी किंकाळी ऐकू आली. मी दात घासत होते, ब्रश हातातून पडला. बाहेर पाहते तर पलीकडच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आजी अंगणात खाली बसल्या होत्या. पेटीपुढे जास्वंदीचं फूल, हळदीकुंकू. आणि आतून ढेप्याचे दोन डोळे चमकत होते.

आजी म्हणाल्या, "हालला वो माय! देव हालला!"

*

निघायच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. आमच्या गल्लीतून आजवर कोणीच विमानात बसलं नव्हतं, त्यामुळे पोरं तो लावणारच होती. मध्यभागी ढेप्याचा भला मोठा फोटो, डोळ्यांवर काळा गॉगल चढवलेला. वर लिहिलं होतं, 'विमान प्रवासास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे गोल फोटो.

बाबा फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. तेही त्याच विमानानं जाणार होते. पण त्यांचा फोटो शेवटच्या ओळीत, गिरणीवाल्यांच्या बाजूला होता.

"मी बी बसून राह्यलो ना बे विमानात!"

गजूकाका म्हणाले, "हाव, पण तुम्ही त्याच्यासंगं जाऊन राह्यले."

सगळे हसले. पण मग ओवाळणं सुरू झालं आणि हसू थांबलं. प्रत्येक घरातून काहीतरी आलं. दही-साखर, शिरा, उकडलेली अंडी. ढेप्या एकेक वास घ्यायचा आणि मान फिरवायचा. शेजारच्या मालताकाकू भाकरी-ठेचा फडक्यात बांधून आल्या होत्या. त्यांच्या हातची भाकरी तो पूर्वी फडक्यासकट पळवायचा.

"खाय बाप्पा! तिकडं सकाळ-संध्याकाळ भात खा लागीन!"

त्यानं त्यांचा हात चाटला. भाकरी तशीच.

काकू म्हणाल्या, "मंग शिदोरी म्हणून पेटीत ठेवतो." बाबांनी ती परत केली. प्रवासात पेटीत खाणं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू डोळे पुसत पेटीजवळ थोडा वेळ बसल्या, ढेप्याची गादी नीट केली आणि घरी गेल्या.

*

पिकअपनं समृद्धी महामार्गावरून विमानतळावर पोचलो. काचा इतक्या स्वच्छ की बाबा एका काचेला धडकले. आमची पेटी सामानाच्या लाइनमध्ये लागली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट बघून झालं, सगळं ठीक होतं. तेवढ्यात एक जवान त्यांचा कुत्रा घेऊन तिकडून आले. तपकिरी रंगाचा, अंगावर पट्टा, चाल अगदी साहेबासारखी. बॅगा हुंगत हुंगत तो आमच्या पेटीजवळ आला.

आणि खाली बसला.

मला वाटलं, थकला असेल. पण जवानांचा चेहरा बदलला. "पीछे हटो! सब पीछे!" लोक धावले. एका बाईंची ट्रॉली तशीच पुढे गेली. बाबांनी कोणी न सांगता दोन्ही हात वर केले. तेव्हा मला कळलं, संशयाचं काही सापडलं की हे कुत्रे असे बसतात.

अधिकारी आले. ढेप्याला बाहेर काढून साखळी माझ्या हातात दिली. एकानं लांब काठीनं गादी उचलली. गादीखाली गाठोडं! हळूहळू गाठ सोडवली.

भाकरी. ठेचा. एक अंडं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "ये क्या है?"

बाबांचे हात अजून वरच होते. म्हणून मला बोलावं लागलं. "शिदोरी," मी म्हणाले.

"क्या?"

"रास्ते का खाना. काकू ने... इसके लिए."

सगळ्यांनी त्यांच्या कुत्र्याकडे पाहिलं. तो अजून बसलेला होता, पण नजर अंड्यावर, आणि तोंडातून लाळेची बारीक तार जमिनीपर्यंत. जवान खालच्या आवाजात म्हणाले, "साहब, ये ऐसा कभी नहीं करता."

बाबांनी शेवटी हात खाली घेतले.

"उपाशी असंन साहेब. आमचा तर खात नाही. याले देऊ का?"

*

विमानात बसलो. पट्टा कसा लावायचा ते मी शेजारच्या माणसाचं पाहून शिकले आणि बाबांचाही लावला. मग पाहते तर बाबांनी चपला काढून सीटवर मांडी घातली होती.

हवाईसुंदरी आल्या. "सर, पैर नीचे रखिए."

"नाही ताई."

"सर, प्लीज. टेकऑफ होने वाला है."

"नाही म्हणतो ना."

पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहायला लागली. मी हळूच विचारलं, "बाबा, काऊन?"

"खाली ढेप्या हाय ना. त्याच्या अंगावर पाय देऊन बसू का?"

मी पुस्तकाबाहेर कधी इंग्रजी बोलले नव्हते. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज मॅडमपर्यंत पोचत नाही. पण त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"मॅडम, अवर डॉग इज डाऊन," मी म्हणाले.

त्या बाबांच्या सीटजवळ वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "अंकल, वो आपके नीचे नहीं है. पीछे है, आखिरी सीटों के नीचे. आराम से सोया है."

"नक्की?"

"पक्का."

बाबांनी पाय खाली सोडले. मी मागे वळून पाहिलं.

शेवटच्या रांगेतल्या तिघांनी पाय वर घेतले होते!

*

बंगलोरला ताई न्यायला आली होती. पेटी उघडल्यावर ढेप्या माणसासारखा कण्हला आणि तिच्या अंगावर पडला. ताई तिथंच फरशीवर बसली. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. बाबांनी लगेच घरी फोन लावला. गल्ली सगळी आमच्या ओट्यावर जमली होती. आईनं एकच विचारलं, "खाल्लं का?"

खाल्लं नाही. ताईनं त्याच्यासाठी भाकरी केली, कोंबडी शिजवली, हातानं भरवून पाहिलं. तो तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. दुसऱ्या दिवशीही तसंच. ताई सारखी त्याच्या फासळ्यांवरून हात फिरवत होती. बाबांनी डॉक्टरांना फोन केला.

"औषधापाशी आणलं साहेब. लागू नाही पडून राह्यलं."



त्याच सकाळी ताईचे घरमालक वरच्या मजल्यावरून खाली आले. पांढरी लुंगी, इस्त्रीचा शर्ट, कातडी सँडल आरशासारख्या चमकणाऱ्या. त्यांनी त्या दाराबाहेर एका रेषेत काढून ठेवल्या आणि आत आले. ढेप्या दाराशीच पडला होता. घरमालक जागच्या जागी थांबले.

"तुमने डॉग बोला था!"

ताई म्हणाली, "अंकल, डॉग ही है."

"ये डॉग नहीं है. ये काऊ है!"

मग त्यांचा आवाज चढत गेला. जिन्यात वर-खाली माणसं जमली. शेवटी ते म्हणाले, "शाम तक ये जाएगा. नहीं तो तुम जाओगी!" ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी हात जोडले. नेमकं काय बोललं गेलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण आवाजावरून कळलं होतं. मला वाटलं, आता पुन्हा ती पेटी, पुन्हा ते विमान, आणि तेवढे दिवस ढेप्यापाशी उरलेले नाहीत.

मी त्याच्याकडे पाहिलं. जागा रिकामी होती.

दाराबाहेरून आवाज येत होता. कचर, कचर.

आम्ही सगळेच बाहेर आलो. ढेप्या बसला होता. पुढच्या दोन पायांत घरमालकांची एक सँडल धरलेली. पट्टा आधीच पोटात गेलेला. तो मान वाकडी करून तळ ओरबाडत होता, चावत होता, गिळत होता. ताई गेल्यापासून मी त्याचा जबडा हलताना पाहिला नव्हता.

घरमालक किंचाळले. "माय... माय सँडल!"

"ढेप्या, सोड! सोड म्हणतो ना!" ताई धावली.

बाबांनी तिचा हात घट्ट धरला. "हात नको लावू त्याले!"

मग ते खाली वाकले. रेषेत राहिलेली दुसरी सँडल उचलली, शर्टाच्या बाहीनं नीट पुसली आणि हळूच ढेप्यापुढे ठेवली.

"खाय बाप्पा," ते म्हणाले, "सावकाश खाय. हेबी तुह्यीच हाय."