ज्याचा डाव, त्याचं तोंड

नियम समजावून सांगणं हे माझं व्यसन आहे. हिंजवडीच्या ऑफिसात मी आठवडाभर नव्या लोकांना कामाच्या पद्धती समजावते आणि शनिवारी दुपारी घरी रोलप्लेइंग गेम चालवते. तिथेही तेच. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र असतं आणि एक जण सूत्रधार असतो, म्हणजे मी. पुढ्यात काय आहे ते मी सांगायचं, आपलं पात्र काय करतं ते खेळणाऱ्याने सांगायचं, आणि ते जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळा खेळ तोंडाने. आई याला ‘तुमचं ते गप्पांचं’ म्हणते.

सगळा खेळ तोंडाने, म्हणूनच अण्णांना त्यात बसवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे लोणी काळभोरचे, पण सारी हयात मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या अडतीवर गेली. लिलाव पुकारायला लागले की शेजारच्या गाळ्यावरचा माणूस हातातला फोन ठेवून द्यायचा, कारण बोलून उपयोग नसायचा. पूर्वी काही व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. त्याचा अण्णांना मनस्वी तिटकारा. भाव चारचौघांत आणि तोंडाने, लपूनछपून काय ते, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला उन्हाळ्याच्या तोंडावर अर्धांगवायूचा झटका आला. पाय बराचसा सुधारला, उजवा हात थोडासा, पण बोलणं अडकून बसलं.

वाचा-उपचाराच्या बाईंनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं की त्यांना सगळं समजतं, शब्दही आत आहेत, फक्त बाहेर यायला वेळ लागतो. बोलत राहिले तर येतील. बोलणं सोडलं तर मात्र अवघड आहे. तुम्ही फक्त थांबा आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका.

थांबा म्हणे. आमच्या घरात थांबतं कोण? अण्णांनी ‘प’ म्हणायचा अवकाश, आई पाणी आणायची, मी पंखा लावायची, आणि त्यांना पेपर हवा होता हे आम्हाला बऱ्याच वेळाने कळायचं. जेवताना तर रोजचा तमाशा. आई पहिल्यापासून आमच्या मागून जेवते, त्यामुळे ती वाढायला उभी. अण्णा डाव्या हाताने शेजारी टेबलावर थापटायचे आणि आई तिथे काहीतरी आणून ठेवायची. मीठ, लिंबू, ताक. त्यांनी मान हलवली की दुसरं काहीतरी. शेवटी ते समोर आलेलं ताक मुकाट्याने पिऊन टाकायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी जेवढं ताक प्यायलं तेवढं गवळ्याच्या घरातही कुणी पीत नसेल.

मग हळूहळू त्यांनी प्रयत्नच सोडला. खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायचे. बाईंकडे नेलं तरी तोंड उघडेनात. ऑफिसच्या बसमध्ये अर्धा रस्ता मी तोच विचार करत असायचे. अण्णा आता परत बोलणारच नाहीत की काय? आणि हे आईला सांगायची सोय नव्हती.

त्या शनिवारी आमच्यातल्या एकीला कंपनीने कामाला बोलावून घेतलं, त्यामुळे भिडू कमी पडला. उरले तिघे. एक नवरा-बायको आणि ऑफिसातला माझा यवतमाळचा मित्र. त्या नवरा-बायकोमुळे आमच्या टेबलावर एक खास नियम होता. नवऱ्याचा डाव आला की त्याने काय करावं हे बायकोच सांगायची, ती बरोबर असायची, आणि मग दोघांचं घरी जाईपर्यंत भांडण चालायचं. म्हणून ठरलं होतं, की ज्याचा डाव, त्याचं तोंड. बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही.

यवतमाळचा मित्र खिडकीकडे वळून म्हणाला, “काका, तुम्ही बसा ना. नाही तर मले दोन-दोन पात्रं सांभाळा लागते.”

मी घाईघाईने, अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्यांना ते झेपायचं नाही असं काहीतरी पुटपुटले. अण्णांना कानाचा काहीच त्रास नव्हता. ते उठले, काठी टेकत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

झालं, माझी गाडी सुटली. मी त्यांना पात्र काय, ताकद काय, वीस पैलूंचा फासा कशाला, मोठा आकडा चांगला का, सगळं एका दमात सांगून टाकलं. वर शहाणपणा करून म्हटलं की बोलायला नाही जमलं तर बोटांनी दाखवलं तरी चालेल. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की रुमालाखालचा सगळा जुना राग मला एकटीला मिळाला.

आणि मग त्यांनी प्रश्न विचारला. कित्येक आठवड्यांतला पहिला.

“जिंकतं... कोन?”

कुणीच नाही, मी म्हटलं, खेळ पुढे चालू राहतो. काटा न आणता माल घ्यायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने पुढचा प्रश्न आला, मेलं तर काय. नवं पात्र घेऊन पुन्हा बसायचं, टेबलावरून उठायचं नाही, मी सांगितलं. यावर ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग, सांगितलेलं फिरवलं तर? फासा पडेपर्यंत फिरवता येतं, पडल्यावर नाही. हे त्यांना पटलं. यार्डातही तसंच होतं.

यातला एकेक प्रश्न यायला इतका वेळ लागत होता की घरी आम्ही तेवढ्यात चार गोष्टी आणून ठेवल्या असत्या. पण इथे त्यात कुणालाच काही विशेष वाटत नव्हतं. डाव त्यांचा होता, बाकीचे सवयीने गप्प होते. नवरा चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होता. मला त्या तिघांबद्दल इतकी माया कधीच वाटली नव्हती.

मग अण्णांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.

“दुसऱ्यानं...”

वाक्याचा शेवट माझ्या जिभेवर तयार होता. मी जीभ दाताखाली धरली.

“दुसऱ्यानं... माझ्या बदली... सांगितलं तर?”

“तर ते धरत नाहीत,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतः सांगाल तेच धरायचं. कितीही वेळ लागला तरी.”

यातलं शेवटचं वाक्य कुठल्याही नियमात नाही. ते मी तिथल्या तिथे घातलं. सूत्रधाराला तेवढा अधिकार असतो. अण्णांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

खेळ सुरू झाला. समोर फुगलेली नदी, तिच्यावर कुजक्या दोरांचा पूल, पलीकडे चौकीवाल्याचा कंदील. बाकीचे पुलाला हात लावून बघत होते. अण्णांचा डाव आला आणि मी विचारलं, अण्णा, तुमचा माणूस काय करतो? त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली.

“न...” अण्णा म्हणाले.

“नको म्हणतायत ते,” आई म्हणाली. “पूल मोडका आहे तर कशाला जायचं? परत फिरा म्हणतायत.”

अण्णांचा डावा तळवा टेबलावर आपटला. फासे उडाले.

“डाव माझा हाय.”

मध्ये कुठेही न अडखळता, सलग. आई ट्रे धरून उभीच राहिली. अण्णांनाही बहुधा स्वतःचंच आश्चर्य वाटलं असावं, कारण पुढचे शब्द यायला आणखी वेळ लागला, आणि आम्ही सगळे चहा निवत असताना बसून राहिलो.

“नदीत... उडी... मारतो.”

याहून मूर्ख बेत त्या टेबलावर आजवर कुणी सांगितला नव्हता. बायको ओठ घट्ट मिटून लालबुंद झाली होती, पण नियमाला जागली. अण्णांनी डाव्या हाताने फासा टाकला आणि तो पडला तीनवर. क्षणभर वाटलं, जाऊ दे, वाचवावं. पण पडलेला फासा फिरवत नाहीत हे मीच सांगितलं होतं. म्हणून मी सांगितलं की पाण्याने तुमचे जोडे नेले, पागोटं नेलं, शिदोरीची पिशवी नेली, आणि बऱ्याच खाली तुम्हाला काठावर आणून टाकलं. ह्याच काठावर.

अण्णा हसले. गाळ्यावर बसून हसायचे तसे, पोट हलवून, आवाज करून. यवतमाळचा मित्र म्हणाला, काका, निदान पागोटं तरी काढून उडी मारायची होती ना, आणि ते आणखी हसले. माझा जीव भांड्यात पडला. तोपर्यंत तो कुठे टांगलेला होता हे मला तेव्हाच नीट कळलं. चुकलं तर चुकलं, त्यांचं ते चुकले होते आणि स्वतःच्या तोंडाने चुकले होते.

आईला मात्र लागलं. मी आपलं त्यांचं सोपं करायला गेले, असं म्हणत ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली. तिला मी नियम सांगितला. मला नाही खेळायचंय तुमचं ते गप्पांचं, ती म्हणाली, आणि मंडळी घरी जाईपर्यंत ती बाहेर आली नाही.

रात्री आम्ही तिघंच जेवत होतो. म्हणजे अण्णा आणि मी जेवत होतो, आई उभी होती. अण्णांनी डाव्या हाताने शेजारी टेबलावर थापटलं. आईचा हात सवयीने मिठाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं.

“डाव त्यांचा आहे ना?” तिने विचारलं. आवाज कोरडा होता, पण हात तिने मागे घेतला.

आम्ही थांबलो. आमटीवर पापुद्रा धरायला लागला. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू होईना, तिचे झटके ऐकू येत राहिले. आईने पदराचं टोक मुठीत आवळलं होतं, आणि एरवी तिने एवढ्यात ताक आणून ठेवलं असतं हे मला दिसत होतं. अण्णांनी पुन्हा थापटलं, टेबलाच्या त्याच जागी, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर.

“तू... बी... बस.”

बऱ्याच वेळाने आईने ती खुर्ची ओढली आणि बसली. तिला कुणी वाढायचं हे आमच्या घरात कधी ठरलेलंच नव्हतं, म्हणून मी उठले. मला रडू येत होतं आणि पोळ्या आत ओट्यावर होत्या, त्यामुळे ते सोयीचंही झालं.