पावणेएकची किंकाळी

झोपेच्या आजारांचा दवाखाना चालवला की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्या पेशंटला रात्री आपण काय केलं ते सकाळी आठवत नाही आणि घरच्यांना ते विसरता येत नाही. आणखी काय पाहिजे!

आता भरतचंच घ्या. शेंद्र्याला कारखान्यात नोकरी, पुंडलिकनगरात भाड्याचं घर. बायको सुनीताला घेऊन आला. मी विचारलं, "काय त्रास होतो?"

"काहीच नाय, मॅडम."

सुनीता उसळली, "व्हय, ह्यांना काहीच होत नाय. होतं ते आमाला!"

रोज पावणेएकच्या सुमारास भरत झोपेतच किंकाळी फोडून धावत सुटायचा. एकदा वर्षभराच्या लेकीच्या अंगावर पडता पडता राहिला. तेव्हापासून मायलेकी दुसऱ्या खोलीत, आतून कडी लावून. जाताना भरत हळूच म्हणाला, "पोरीशेजारी कधी झोपू, तेवढं सांगा." मला वाईट वाटलं.

*

मी झोपेची वही दिली. पंधरा दिवसांनी बघते तर रोज एकच नोंद: 'झोप झकास.' भरतनं स्वतःच भरली होती! चूक माझी, मी ती त्याच्याच हातात दिली.

मग नोंदी ठेवायचं काम भरतच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त देशमुख सरांनी अंगावर घेतलं. त्यांनी तर शेरेही मारले: 'पावणेएक. आवाज कालपेक्षा कमी. प्रगती समाधानकारक.'

*

मी म्हटलं होतं, "त्याला धरू नका, हलवू नका. फक्त तो उठला की कळलं पाहिजे." भरतच्या वडिलांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यांनी मेंढीच्या गळ्यातली घंटी आणून दाराला बांधली. "अंधारात मेंढरू हललं तरी मला कळतं. हा तर एवढा मोठा बाप्या!"

त्या रात्री घंटी वाजली आणि अख्खी बिल्डिंग जमा झाली. भरत मुकाट्यानं परत जाऊन झोपला. सकाळी चहा पिताना विचारतो, "आज समद्यांचे डोळे लाल का?"

*

कधी पहाटेच्या, कधी दुपारच्या फिरत्या पाळीमुळे भरतच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. त्याला एकच पाळी द्या, म्हणून मी सुपरवायझरला फोन केला.

"ओरडतो? भरत? मॅडम, इथं ओरडायचं काम माझं आहे!"

पण भला माणूस. दिवसपाळी दिली.

*

पुढचा उपाय साधाच. सुनीतानं रोज साडेबाराला, म्हणजे किंकाळीच्या आधीच, त्याला हलकेच जागं करायचं आणि पाच मिनिटांनी परत झोपवायचं. बाई पक्की, एक दिवस चुकली नाही. मी अट घातली, "महिनाभर शांत गेला, तर लेक शेजारी."

नेमके तेव्हाच देशमुख सर महिनाभर मुलीकडे वेरूळला गेले. परत आल्यावर वही घेऊन तडक माझ्याकडे! शेवटची नोंद अशी: 'आजच परतलो. एक वाजला. आवाज नाही. बरंवाईट झालं की काय? खाली जाऊन दार बडवलं, हाका मारल्या.'

"मग?" मी विचारलं.

"भरतनंच उघडलं," सर म्हणाले. "तोंडावर बोट ठेवून मलाच दटावतो, 'सर, ओरडू नका ना! पोरगी आत्ताच माझ्याजवळ झोपलीय.'"