वरातीच्या गाड्या

कुणी काही भेट पुढे केली की आमचे पेशकार ती उलट्या हाताने मागे सारत. वाण्याचा गूळ असो की पाटलाचे आंबे, म्हणत एवढंच, “घरी न्या. लेकरं खातील.”

केजच्या तहसील कचेरीत तहसीलदारांचे हुकूम पेशकार म्हणून तेच लिहायचे. मी शेजारी बसून नकला उतरवायचो. निजामाच्या अमलात साहेब दौऱ्यावर आला की कोंबड्या, दूध, गवत गावाने फुकट पुरवायचं. दाम द्यायचा नियम होता, पण तो कागदावरच. पेशकार मात्र भाकर बांधून नेत. सख्खा मेव्हणा आला तरी कचेरीत काही काम नाही ना, हे विचारून मगच त्याची पिशवी घरात घेऊ देत. आम्ही हसायचो. त्यांची बायको हसत नसे.

ऐन पेरणीत तहसीलदाराच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाडासाठी नांदूरघाटच्या शेतकऱ्यांच्या गाड्या सरकारी कामाच्या नावाखाली धरायच्या होत्या. हुकूम लिहायला सांगितल्यावर पेशकार उठून उभे राहिले.

“गाड्या सरकारच्या कामाला हायेत, सायेब. वरातीला न्हाईत. माझ्या हातून हे होणार न्हाई.”

हुकमाशिवाय गेलेल्या शिपायाला गावाने रिकाम्या हाताने परत पाठवलं. तहसीलदाराला भाड्याच्या गाड्या कराव्या लागल्या.

लग्न उरकलं आणि झडतीत पेशकारांच्या परसात तुपाचं मडकं सापडलं. त्यांची बायको पाण्याला गेली असताना तहसीलदाराच्या शिपायानेच ते ठेवलं होतं. शेजारणीने हे डोळ्यांनी पाहिलं, चौकशीत सांगितलंही. या माणसाने कधी सुपारीचं खांडही घेतलं नाही, असं मीही सांगितलं. पण सांगायचं कुणाला? चौकशीचा अधिकारी उतरला होता तहसीलदाराच्याच घरी, आणि जेवतही तिथेच होता. भेट घेतली म्हणून पेशकारांची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी तहसीलदाराच्या ओसरीवर आंब्याच्या पाट्या उतरत होत्या. ते आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

पेशकार आपल्या गावी, तलवाड्याला निघाले, त्या सकाळी नांदूरघाटचे शेतकरी गाड्या जुंपून दारात उभे होते. एक म्हातारा पुढे आला. “बसा सायेब. कुणाचा हुकूम न्हाई. आमीच आलोत.” त्याच्या बायकोने भाकरीची पुरचुंडी पुढे केली.

मला वाटलं, आता हेही परत जाणार. पेशकारांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“आता मी सरकारी माणूस न्हाई,” ते म्हणाले. “आता घेतो.”

गाडी हलली. त्यांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा शेजारी बसलेल्या आपल्या बायकोच्या हातावर ठेवला.