भावोजींची आडवी बाटली

पहिल्यांदा वास आला. भिजलेल्या सागाच्या फळीचा, मग उन्हात तापून निवत चाललेल्या जांभ्या दगडाचा, आणि त्यांच्या मागून, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, कुठल्याशा अतिपिकल्या फळाचा. स्वयंपाकघरामागच्या कोठीत, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन उभी होते. बाटली माझी नव्हती.

गेल्या गुरुवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. अकरा वर्षं. यजमानांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही, कवितेतही नाही — आणि कवितेत तर मी काय काय सांगून मोकळी झाले आहे. तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहिते. हसू आलं तर हसा. मलाही येतं — तीच तर पंचाईत आहे.

बाटली माझ्या धाकट्या दिरांची, सदा भावोजींची. त्यांचं सारं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये गेलं. एकदा बोट दुरुस्तीसाठी पोर्तुगालच्या बंदरात अडकली, तेव्हा बसमध्ये बसून ते डोंगरात गेले आणि एका म्हाताऱ्या बागायतदाराच्या अंगणात पोचले. आपल्या कातळासारखाच दगडाळ उतार. त्यावर म्हाताऱ्याच्या आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली — मनगटाएवढ्या जाड, कमरेत वाकलेल्या. म्हाताऱ्यानं खुर्ची पुढे केली, पाव मोडून दिला, पेला भरला. हातवाऱ्यांनी सांगितलं की वेल म्हातारी झाली की घोस थोडे धरते, पण मुळं खोल गेलेली असतात, म्हणून त्या थोड्यांतच सगळा जीव उतरतो. चार जातींच्या वेली एकमेकींत मिसळून लावलेल्या. एकत्र खुडायच्या, एकत्र मुरवायच्या, आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे बघायचंही नाही. भावोजींनी त्याच वाइनची एक बाटली विकत मागितली. म्हाताऱ्यानं ती स्वतः तळघरातून आणून दिली.

ती माझ्या हाती देताना भावोजी म्हणाले होते, “वहिनी, आडवी ठेव हां. उभी ठेवलीस तर बूच सुकतं. बोट सोडून कायमचा घरी येईन तेव्हा फोडू.”

तीन वर्षं ती तांदळाचा डबा आणि कोकमाच्या आगळाच्या बरण्या यांच्यामध्ये आडवी पडून होती. दर सुट्टीत भावोजी म्हाताऱ्याची गोष्ट सांगत आणि खुर्चीपाशी आले की त्यांचा आवाज मऊ होई. मी ऐकत असे. आणि मला — सांगूनच टाकते — मत्सर वाटे. वासांना शब्द शोधण्यात माझा जन्म गेला, आणि तेलानं हात काळे करणारा माणूस एका पेल्याविषयी माझ्याहून सुंदर बोलत होता. मला ती चव हवी होती. त्यांच्याआधी हवी होती.

यजमान पावसला आंब्याच्या बागेत गेले होते. मी सुरीनं बुचावरची लाख खरवडली. बूच निघालं, पण तुटून. एकच घोट, असं ठरवलं होतं. तुम्ही कधी एका काजूवर थांबला आहात?

स्टीलच्या वाटीतून प्याले, आणखी कशातून पिणार? पहिल्या दुपारी ती आखडलेली होती, नव्या नवरीसारखी मोजकं बोलणारी. जिभेवर नुसता सुपारीचा तुरटपणा. दुसऱ्या दुपारी उलगडली. वाळलेली करवंदं, जायपत्री, जुन्या पेटीतला रेशमी खण. चार जाती वेगळ्या ओळखू येत नव्हत्या. भजनात चार गळे एक व्हावेत तशा त्या लागल्या होत्या. घोट गिळला, भांडी घासली, अंगणातलं वाळवण परतलं — चव होतीच. चौथ्या दुपारी मी वाटी पालथी केली तेव्हा बाटलीत तळाचा गाळ तेवढा उरला होता.

मग काय केलं? मिश्रणच केलं. यजमानांच्या मधुमेहासाठी काढलेला जांभळाचा रस, त्यात करवंदांचा, आणि रंग खुलावा म्हणून दोन डाव कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं हे ध्यानातच आलं नाही. आमच्या जिभेला ते मीठ मीठ वाटतच नाही. तुटलेलं बूच दाबून बसवलं, वर लाल मेणबत्ती वितळवून ओतली. बाटली पुन्हा आडवी.

डिसेंबरात भावोजी कायमचे आले. रविवारी दुपारी बोटीवरचे तीन मित्र पडवीत जमले. भावोजींनी म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, खुर्चीसकट, आणि बाटली फोडली. त्या तिघांतल्या अनंतानं घोट घेतला आणि डोळे मिटले.

“सदा, खारट रे ही.”

“बोटीतनं आली ना? समुद्र शिरला असेल आत,” दुसरा म्हणाला.

“समुद्र कसला? म्हाताऱ्यानं दाखवलीन एक आणि दिलीन दुसरी. चांगली टोपी घातलीन तुला,” तिसरा म्हणाला.

भावोजींनी घोट तोंडात धरला. बाटली उचलून उजेडात पाहिली. “तिथं प्यालो ती ही नव्हे,” एवढंच म्हणाले. मी तळलेल्या सुरमईचं ताट घेऊन दारात उभी होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी उघडलंही — आणि विचारलं, “आणखी तुकड्या तळू?”

त्या दिवसानंतर भावोजींनी ती गोष्ट कधी सांगितली नाही. उलट, आमच्या आळीत कुणी डागाळलेला आंबा पेटीच्या तळाशी दडपला की त्याला लोक ‘पोर्तुगालचा म्हातारा’ म्हणू लागले. ज्यानं परक्याला खुर्ची दिली, त्याचं नाव हजारो मैलांवर रत्नागिरीत लबाडीला पडलं. मी पाडलं. आणि त्या विनोदाला सगळ्यांबरोबर हसलेही.

गुरुवारी भावोजी आमच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस नवी म्हणून जुनीच तोटी बसवून गेला होता. “हा आणखी एक पोर्तुगालचा म्हातारा,” ते सहज म्हणाले. आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळं सांगितलं — वाटी, चार दुपारी, जांभूळ, करवंदं, आगळ, मेणबत्ती. म्हातारा खरा होता, हे दोनदा सांगितलं.

अडकित्ता थांबला. भावोजींनी हातातलं खांड खाली ठेवलं. मी क्षमा मागितली नाही. मागण्याजोगं तोंडच नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली आणि हळूच विचारलं,

“आवडली?”