गेणू आणि बुटके स्प्रूस

गेणू बुटका होता. ठेंगणा-बिंगणा म्हणून गोड करण्यात अर्थ नाही. टेबलामागे उभा राहिला तर जेमतेम डोकं दिसे. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत तो साहेबांच्या बंगल्यावर माळी होता. बाईंनी सिमल्याहून बुटक्या जातीचे तीन स्प्रूस, म्हणजे देवदारासारखी सुईच्या पानांची झाडं, मागवले होते, आणि बुटक्या झाडांना बुटका माळी, ही गंमत त्यांना फार आवडे.

आपल्याकडच्या उन्हात ती थंड मुलखातली झाडं जगायची नव्हेत. गेणूने जगवली. कुंड्या लिंबाखाली वाळूत पुरल्या, भोवती ओली गोणपाटं बांधली. मूळ उंच जातीवर जाऊन एखादा फुटवा लांब सुटला की तो लगेच खुडायचा. झाडं गेणूच्या खांद्याइतकी, पण खोड जून, अंग भरलेलं. माहिती नसणाऱ्याला पुरं वाढलेलं झाडच वाटे.

माझ्या भावाने त्या झाडांशेजारी उभा करून गेणूचा फोटो काढला. त्यात गेणू चांगला उंचापुरा गडी दिसला. गेणूच्या मावशीने, कुशाबाईने, तो फोटो पळसदेवच्या दत्तोबाकडे धाडला. दत्तोबाची चौथी मुलगी, नाव नकोशी, लग्नाची होती. स्थळ पसंत पडलं. गेणूने नवं धोतर घेतलं.

थंडीत पाहुणे आले. गेणूला आधीच बाकावर बसवून, पायावर घोंगडी टाकली होती. दत्तोबाबरोबर त्याचा मेव्हणा संभाजी होता, पलटणीतून पेन्शनीत आलेला. त्याने फोटो डोळ्यांशी धरला.

"गेणूराव, जरा उभं ऱ्हावा की."

"पाय मुरगाळलाय त्याचा," कुशाबाई म्हणाली.

"आन् झाडांचा बी मुरगाळला व्हय?" संभाजीने फोटोतल्या झाडावर बोट ठेवलं. "मावशे, सिमल्याला सायबाच्या बागंत पानी घातलंय म्या असल्यांना. ह्यो बुटका इस्प्रूस. सुया बघा कशा बारीक, दाटीवाटीच्या. फांदीवरचं डोळं एकाला एक चिकटल्यालं. ह्यो माज्या मांडीच्या वर जात न्हाय. दाजी, झाड माज्या मांडीला, आन् गडी झाडाच्या वर निस्ता डोस्क्याएवढा. बघा, जावई केवढा भरतोय!"

गेणू उठला. घोंगडी खाली पडली. पाहुण्यांत हशा पिकला.

"झाडं म्या जगवलीत, मामा," गेणू म्हणाला. "पोरीलाबी नीट ठिवीन."

"पोरीचं नाव नकोशी ठिवलं," दत्तोबा म्हणाला, "म्हनून कुनाच्याबी गळ्यात बांधू व्हय?"

चहा न घेता ते निघाले. कुशाबाईने फोटो मागितला. संभाजीने तो खिशात घातला आणि इंदापूरच्या बाजारात दुकानोदुकानी दाखवला. त्यानंतर पंचक्रोशीत गेणूला पोरगी विचारायची सोयच उरली नाही.

बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. पुढे चहाला मंडळी आली की गेणूला हाक मारून झाडाशेजारी उभं करत आणि सबंध हकीकत सांगत. सांगताना काही चुकलं, तर त्यालाच विचारत. तोही दुरुस्त करून सांगे, नोकरी होती.