फुली दिसेनाशी होईपर्यंत

मी मूळची नांदेडकडची, आठवीतच शाळा सुटलेली. नवऱ्याच्या कामामुळं बेळगावात आले आणि अनगोळजवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली भांडी धुवायला लागले. काचेचं काही फुटलं तर काम जाईल, या धास्तीतच दिवस जायचा.

एकदा मुलं अभिक्रियेचा वेग मोजत होती. कागदावर काळी फुली काढून तिच्यावर चंबू ठेवायचा आणि हायपो नावाच्या क्षाराच्या द्रावणात आम्ल ओतायचं. द्रावण दुधाळ होत जातं आणि वरून बघताना फुली दिसेनाशी होते. तेवढा वेळ टिपायचा. हायपो निम्मं केलं की वेळ दुप्पट यायला हवा होता, पण येईना. एकजण लवकर ‘गेली’ म्हणायचा, दुसरा उशिरा.

“दरवेळी डोळे बदलताय रं,” प्रयोग घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या. “एकानंच बघायचं. आक्का, तुम्ही बसा या स्टुलावर.”

“मॅडम, माझं शिक्षण...”

“फुली दिसते न्हवं? मग झालं.”

“आक्का, पापणी लववू नका, आमचे मार्क जातील,” एक पोरगी हसली.

मी प्रत्येक वेळी फुली पुसली गेल्यावरच “गेली” म्हणाले. निम्म्या हायपोला वेळ जवळजवळ दुप्पट आला. हायपोच्या बाबतीत ही पहिल्या कोटीची अभिक्रिया, म्हणजे हायपो निम्मं तर वेगही निम्मा, असं मॅडमनी मलाही सांगितलं.

फोनवर आई म्हणाली, “नुसतं बघायचा पगार देतात का गं?”

माझी धास्ती अजून पुरती गेलेली नाही. पण त्या स्टुलावर मला बसवणाऱ्या मॅडमची आठवण आली, की चंबू धुताना हात स्थिर राहतो.