सगळ्यांना अंगठा

दहिसरची आमची चाळ पाडली तेव्हा आम्ही सगळे पांगलो. मी मुलुंडला आले. मग कुणीतरी एका सोशल मीडिया साइटवर चाळकऱ्यांचा ग्रुप काढला. सुरुवातीला झकास चाललं होतं. पुढे साइटची अशी वाट लागली, की आमच्या माणसांपेक्षा मिक्सरच्या आणि गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीच जास्त दिसायला लागल्या.

शेजारच्या काकू गेल्याचं मला कळलं ते त्यांचं तेरावं उरकल्यावर, तेही बाजारात भेटलेल्या एका जुन्या शेजारणीकडून. आई कामावर असायची तेव्हा मी रोज दुपारी ज्यांच्याकडे जेवायचे, त्या काकू. माझं डोकंच फिरलं. चाळीत जिन्याखाली फळा होता. कुणी गेलं की त्यावर खडूने लिहायचे आणि ते वाचल्याशिवाय कुणी वर चढत नसे.

दुसऱ्या दिवशी कांदिवलीला काकूंच्या मुलाकडे गेले आणि त्या साइटला मनसोक्त शिव्या घातल्या. "मला दाखवलंच नाही रे मेल्यांनी!"

त्याने फोन पुढे केला. काकूंचा फोटो, खाली अंत्ययात्रेची वेळ आणि त्याखाली लाइकचा अंगठा देणाऱ्यांत माझं नाव.

रोज सकाळी चहा पिताना मी ग्रुपमधल्या प्रत्येक पोस्टला अंगठा देते. न वाचताच. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून.

"तू बघितलंयस म्हणजे येशील, असं वाटलं," तो म्हणाला. "अर्धा तास थांबवून ठेवलं होतं गं आईला."